राळेच्या विमानाची फट

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर नवशिके वैमानिक विमाने चालवतात. जळगावासही विमानतळ आहे. विमानांचा नाद लागलेल्या तिकडच्या एखाद्या मुलाच्या हाती राळेच्या प्रतिकृतीचे सुटे भाग येतात आणि पहिली निराशा पंखाच्या मुळाशी होते. पंख व धड यांमध्ये नख शिरेल एवढी फट!

१९६१ साली बंगळूरला प्रथम उडालेल्या 'मरुत'सारख्या विमानांच्या प्रतिकृतींना गिऱ्हाईक थोडे. अशांसाठी पोलादी साचे परवडत नाहीत. रबरी साच्यात कृत्रिम राळ ओततात. ती घट्ट होताना किंचित आकसते, आणि साचाही लवकर झिजतो.

भाग प्रथम साबणाने धुवावेत. साच्याचा तेलकटपणा राहिला तर काहीच धरत नाही. प्लास्टिक वितळवून जोडणारा डिंक येथे निरुपयोगी. सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी हवे. भाग कानसून आधी नीट बसवावेत. उरलेल्या फटीत, रंगारी जिला लांबी म्हणतात, तशी इपॉक्सीची लांबी भरून ओल्या बोटाने सारखी करावी. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो ती आधारासाठी. लांबीकडून ती अपेक्षा करू नये. पंखाचा भार आत बसवलेल्या पितळी तारेनेच पेलावा.

घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा व तोंडाला मास्क बांधावा. राळेची भुकटी फुप्फुसांस घातक असते. एवढे तरी वडीलधाऱ्यांनी पाहावेच. मग अस्तराचा पातळ हात द्यावा. डोळ्यांना न दिसलेली फट त्यात उघडी पडते. ती पुन्हा भरावी.

तयार विमान मात्र खानदेशी वैशाखात उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. उष्णतेने राळ मऊ पडते, पंख खाली झुकतात आणि बुजवलेली फट पुन्हा तडकते.