भूकंपानंतरचें मन



30 सप्टेंबर 1993 रोजीं पहांटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, किल्लारीची भूमि हादरली. दगडमातीचीं जड घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. तेथील सुमारें 1200 मुलें श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें पुण्यास आणून शिकविलीं. पुढें 2014 सालीं आपल्याच जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें.

अशा आपत्तींतून वांचलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा छपराखालीं निजावयास भितो. चाकणच्या रस्त्यावरून जड गाडी जाऊन जमीन थरथरली कीं दचकून उठतो. कोणी चिडखोर होतो, कोणी अगदीं अबोल. महिना उलटूनही हें ओसरलें नाहीं तर तो आजार असूं शकतो, भित्रेपणा नव्हे. त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. त्यावर उपचार आहेत.

आम्ही वडील माणसें मात्र “देवाची इच्छा” म्हणून त्याचें तोंड बंद करतों. (आमच्याही तोंडून हें गेलें आहे.) लाजराच्या कबरीकडे जातांना, मरिया रडते हें पाहून, प्रभूनेंही अश्रु ढाळले. असा मुलगा आपल्या धर्मग्रामांत आला तर मिस्सेच्या वेळीं दाराजवळचें बांक त्याच्यासाठीं मोकळें ठेवावें, आणि तो मध्येंच उठून बाहेर गेला तर कोणीं मान वळवूं नये.