मापातले वजन



वसंतातले व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय नाहीतर इतिहास, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही शाळेच्या बाकावर फार दिवस बसलो नाही. जे शिकलो ते मजुरांचे हिशेब मांडता मांडता. म्हणून आज जानेफळकरांपुढे हिशेबाचाच विषय घेतला आहे : माप आणि वजन ह्यांचा मेळ.

आपल्या वाडवडिलांचे धान्य मापाने चाले. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तोलण्याचा शेर निराळा, तो ८० तोळ्यांचा. नाव एक, वस्तू दोन! त्यात पायली गावोगाव लहानमोठी. सालदाराची ज्वारी पायलीने मोजली जाई, आणि माप सपाट भरायचे की शिगेने, हे मापणाराच्या मर्जीवर असे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली, आणि तोलाचा शेर ९३३ ग्रॅमांचा ठरला. शेर गेला, शीग मात्र गेली नाही.

स्वयंपाकघरात ती कोणाचे काही बिघडवीत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. वाटी केवढीही असो, भात होतो. पंचाईत होते ती वाटीची गाठ ग्रॅमांच्या नोंदवहीशी पडली म्हणजे.

शाळेतल्या पोषण आहाराचे घ्या. योजना १९९५ सालची. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने मुलांना शिजवलेले अन्न द्यायचे ठरले. पाचवीपर्यंतच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, त्यापुढे आठवीपर्यंत १५०. लहान वर्गांची ६० मुले हजर असली तर सहा किलो. शिजवणाऱ्या बाईजवळ पुष्कळदा डबा असतो, काटा नसतो.

अशाच एका भगिनीवर महिनाअखेर तांदूळ कमी भरल्याचा आळ आला. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही काटा घेऊन गेलो. डबा एक लिटरचा. लिटर म्हणजे किलो असे पुष्कळांना वाटते. ते पाण्यापुरते खरे. सपाट भरलेला तांदूळ ८०० ग्रॅम भरला, म्हणजे सहा किलोंना साडेसात डबे. बाई साडेसातच डबे घेत होत्या! फक्त शीग लावून घेत होत्या. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "पोरांचं माप सपाट कसं भरावं, भाऊ?" त्या शिगेत प्रत्येक डब्याला १०० ग्रॅम जादा जात होते. दिवसाला पाऊण किलो, २४ दिवसांत १८ किलो. वहीतली तूटही ह्याच्या आसपासचीच होती. आळ गेला, पण मानधनातून कापलेले पैसे परत मिळायला आणखी दोन महिने हेलपाटे घालावे लागले, आणि ते हेलपाटे कोणत्याच वहीत नाहीत.

तेलाचे उलटे होते. ६० मुलांना ३०० ग्रॅम तेल. ते ३०० मिलिलिटरच्या मापाने ओतले तर सुमारे २७५ ग्रॅमच पडते. येथे तूट पोरांच्या पोटात जाते आणि वही स्वच्छ राहते. कणीक लिटरमागे अर्ध्या किलोहून थोडी अधिक, चाळली की आणखी हलकी. मुरमुऱ्यांची तर गोष्टच नको.

उपाय अगदी साधा. रिकामा डबा तोलावा, सपाट भरून पुन्हा तोलावा, वजाबाकी करावी. अर्धा किलो जेथे भरतो तेथे आतून खिळ्याने रेघ ओढावी. डबा आपटून भरला तर दाणा बसतो आणि जास्त मावतो, तेव्हा भरण्याची रीत रोज एकच हवी. पोत्यातला तांदूळ बदलला की तोल पुन्हा घ्यावा.

काटा आम्ही बरोबर आणला आहे. ज्या भगिनींना आपला डबा तोलून घ्यायचा असेल त्यांनी उद्या सकाळी, चूल पेटवण्यापूर्वी, येथेच आणावा. थोडे तांदूळही आणावेत.