विहाराच्या अंगणात मुलांचा आखाडा

(विहाराच्या वर्धापनदिनी शेगाव येथे भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मला दिलेला विषय तसा साधा आहे, 'कराटे, ज्युदो, लाठी-काठी यांचे मुलांना होणारे फायदे'. पण मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर काय झाले ते तुम्हां सर्वांना माहीत आहे. रोज संध्याकाळी एक तास विहाराचे अंगण मुलांच्या वर्गासाठी मिळावे असा अर्ज मी समितीपुढे ठेवला होता. तेव्हा आपल्यातले एक जुने आजोबा उठले आणि म्हणाले, "सर, आतमंदी आपण पंचशील घेतो, जीवहिंसा करनार नाई म्हनतो, अन् बाहेर अंगणात पोरायले लाथाबुक्क्या शिकवाच्या? हे जमते कसं?" सगळी सभा गप्प झाली. खरे सांगायचे तर मीही गप्प झालो. शाळेत पी.टी. शिकवणारा माणूस मी, शिट्टी वाजवायची सवय, वाद घालायची नाही. आज आजोबा समोरच बसले आहेत, म्हणून फायद्यांची यादी बाजूला ठेवून त्यांच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

हा प्रश्न नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांपुढेही तो होता. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला समता सैनिक दलाची परिषद भरली. तिथे जमलेले तरुण गणवेशातले, कवायत करणारे. त्यांच्यासमोर बोलताना बाबासाहेबांनी अहिंसा आणि दुबळेपणा यांत स्पष्ट फरक केला. मी अहिंसा मानतो, पण आपणहून ओढवून घेतलेला दुबळेपणा हा काही सद्गुण नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी हेच मांडले की तथागतांनी अहिंसेला तत्त्व मानले, आंधळा नियम केले नाही. नियम पाळायला फक्त सवय लागते. तत्त्व पाळायचे तर प्रत्येक वेळी डोके वापरावे लागते.

आणि ताकद असून ती आवरणे म्हणजे काय, हे आपल्या माणसांनी १९२७ साली महाडला करून दाखवले आहे. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले. मग देवळात शिरणार म्हणून अफवा उठली आणि जेवायला बसलेल्या, गावात पांगलेल्या आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्या जमावात पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी महार शिपाई होते. लढाई पाहिलेली माणसे ती. त्यांनी मनात आणले असते तर महाडचे रस्ते लाल झाले असते. पण बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितले आणि ते शांत राहिले. आजोबा, त्यांच्या हातांना काही येत नव्हते म्हणून ते थांबले नाहीत. येत असूनही थांबले.

महात्मा जोतीराव फुल्यांचेही तसेच. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती, तिथे जोतीराव दांडपट्टा शिकले. पुढे त्यांच्यावर रात्री दोन मारेकरी घालण्यात आले. तालमीत तयार झालेला माणूस, पण जोतीराव त्यांच्याशी बोलले. आणि ते दोघेही त्यांचे सहकारी झाले. घाबरलेल्या माणसाला असे बोलणे सुचत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी मी पहिल्यांदा मुलांचा वर्ग घेतला. तेव्हा मी स्वतः तरुण. सिनेमातली उडी आणि किक डोक्यात बसलेली. पहिल्या दिवसापासून पोरांना पंच आणि किक. पोरे खूश, बाप खूश, मीही खूश. तिसऱ्या महिन्यात सातवीतल्या एका पोराने नळावरच्या रांगेच्या भांडणात आपल्याच मित्राचा पुढचा दात पाडला. त्या पोराची माय माझ्याकडे आली. ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, तुमी त्याले हात उचलाले शिकवलं, खाली ठेवाले शिकवलंच नाई." वर्ग बंद झाला. ज्याचा दात गेला त्याच्या घरी मी तीनदा गेलो, पण दात काही परत येत नाही.

पुढे वाचनात आले की माझ्यासारखाच प्रकार अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोर मुलांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो जुन्या पद्धतीने, म्हणजे नमस्कार, ध्यान, शिस्त, विचार यांच्यासह शिकवले. दुसऱ्याला नुसती मारामारीची तंत्रे. तिसऱ्याला दुसरे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा भांडखोरपणा कमी झाला आणि दुसऱ्या गटाचा वाढला! मुले थोडीच होती, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नये. पण माझा अनुभव त्याला पुरावा आहे. २००४ साली तिथलाच आणखी एक अभ्यास आला. प्राथमिक शाळेतल्या मुलांना तीन महिने नेहमीच्या पी.टी. ऐवजी तायक्वांदो शिकवले, तर मन आवरणे, लक्ष देणे, वर्गातले वागणे यांत सुधारणा दिसली, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. म्हणजे जी कार्टी एका जागी बसत नाहीत त्यांना याचा उपयोग अधिक. समोरून दोन-तीन आया हसल्या, त्यांना मुद्दा समजला!

आता आजोबांसाठी खास एक गोष्ट. ज्युदो कुठे जन्मला ठाऊक आहे का? जपानात १८८२ साली जिगोरो कानो नावाच्या तरुण शिक्षकाने कोडोकान ही आपली शाळा काढली. जागा नव्हती, पैसा नव्हता. तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध विहारात त्यांना एक खोली मिळाली, बारा चटया मावतील एवढी. तिथे ज्युदो सुरू झाला. पोरांच्या धडाधड पडण्याने इमारत हादरायची आणि विहारातल्या लोकांना त्याचा त्रास व्हायचा असे सांगतात. म्हणजे अंगणाबद्दलची तक्रारही काही नवी नाही. त्याच ज्युदोला १९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

कानो गुरुजींनी दोन तत्त्वे सांगितली. आपली शक्ती चांगल्यात चांगल्या कामी लावावी, आणि स्वतःचे व दुसऱ्याचे दोघांचेही भले व्हावे. आणि ज्या जागेत हा सराव होतो तिला जपानी भाषेत 'दोजो' म्हणतात. हा शब्द मूळचा आपलाच. 'बोधिमंड' म्हणजे ज्या जागी तथागतांना बोध झाला ती बोधिवृक्षाखालची भूमी. त्या शब्दाचे चिनी भाषांतर जपानात गेले आणि 'दोजो' झाले. कराटेतल्या 'कारा'चा अर्थ रिकामा, रिकामा हात. लिहिण्याचे अक्षर तेच, जे तिकडे बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी वापरतात. बोधिधर्मांनी चीनमध्ये शाओलिनला कुंगफू शिकवले ही गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. ती फार नंतर जोडलेली आहे असे अभ्यासक म्हणतात, आणि विहारात उभे राहून ऐकीव गोष्टी पसरवू नयेत.

ज्युदोमध्ये पहिला धडा कोणता? पडायचे कसे. तळहात जमिनीवर आपटून, हनुवटी छातीला लावून, डोके वाचवून पडायचे. आठवडेच्या आठवडे फक्त पडायचे आणि उठायचे. माझ्या मते मुलांना मिळणारा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. आपली पोरे पडायला घाबरतात. दहावीत गणितात गेले की घरात तोंड दाखवत नाहीत, काही तर त्याहून वाईट पाऊल उचलतात. जे पोरगं रोज वीस वेळा सगळ्यांसमोर पडते आणि उठून समोरच्याला वाकून नमस्कार करते, त्याला पडण्याची लाज उरत नाही.

शरीराचे फायदे मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलाने रोज किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. आपली मुले शाळेतून ट्यूशनला आणि तिथून मोबाइलवर. हे साठ मिनिट काढायचे कुठून? पूर्वी आखाडे होते, दंड-बैठका होत्या, लेझीम होती. आपल्या वऱ्हाडाला तर याचा वारसा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कराटेच पाहिजे असा माझा हट्ट नाही. लाठी चालेल, मल्लखांब चालेल.

मुलींविषयी. एका ताईंनी विचारले, "पोरगी हे शिकून करन काय?" ताई, आपण जिजाऊंच्या जिल्ह्यात राहतो, सिंदखेडराजा काही लांब नाही. आता शासनही समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण देते. पण एक भ्रम मोडतो. तीन महिन्यांत कुणी मोठ्या माणसाला आडवे पाडत नाही. मुलीला मिळते ते वेगळे. मोठ्याने 'नाही' म्हणायचा आवाज, सुटून पळण्याची चपळाई, आणि घरी येऊन सांगण्याची हिंमत. मी वर्गात पहिल्याच आठवड्यात १०९८ आणि ११२ हे नंबर पाठ करून घेतो. पळून जाणे म्हणजे हरणे नव्हे, हेही शिकवतो. मुलांनाही.

पालकांनी कोणताही वर्ग निवडताना डोळे उघडे ठेवावेत. दर तीन महिन्यांनी परीक्षा फी घेऊन नवा रंगीत पट्टा देणारे वर्ग निघाले आहेत. वर्षा-दीड वर्षात आठ वर्षांच्या पोराला काळा पट्टा मिळत असेल तर तो पट्टा नव्हे, दुकान आहे. दार बंद करून वर्ग घेणाऱ्याकडे पोर पाठवू नका. तुम्हाला बसून पाहू देत नसेल तर त्याच दिवशी उठून या. लहान मुलांना एकमेकांच्या डोक्यावर मारायला लावणारा शिक्षक कितीही मेडलवाला असो, नको. मुलींच्या वर्गाला एक बाई हजर पाहिजेच. आपल्या महिला मंडळाने ही पाळी घ्यावी अशी माझी विनंती आहे.

माझा अर्ज समितीसमोर तसाच आहे, फक्त त्यात चार ओळी वाढवल्या आहेत. वर्ग वंदनेने सुरू होईल आणि पाच मिनिटे आनापानाने संपेल. पहिले तीन महिने फक्त पडणे, उठणे, व्यायाम आणि बचाव, एकही किक नाही. ज्याने बाहेर हात उचलला त्याला महिनाभर सतरंज्या घालायचे काम. फी नाही, ज्याला जमेल त्याने मुलांसाठी भिजवलेले चणे आणावेत.

आणि आजोबा, तुम्हाला एक विनंती. पहिला महिना रोज संध्याकाळी तुम्ही पायरीवर खुर्ची टाकून बसा. एखादं पोरगं रागानं हात उगारताना दिसलं तर मला हाक मारा. त्या दिवशी वर्ग तिथंच थांबेल. तुमच्या नातवाचं नाव मी यादीत अजून लिहिलेलं नाही, पण तो दोनदा विचारून गेला आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.