विहीर बदलली, पाट तेच
(कोरेगाव येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका लहानशा खोक्याची गोष्ट सांगणार आहोत. हे खोके आता पुष्कळ घरांत दिसते. भिंतीवर टांगलेले असते. त्याला दोन-तीन शिंगे असतात. त्यावर बारीक दिवे लुकलुकतात. त्याला राउटर म्हणतात. पोरे त्याला नुसते वायफाय म्हणतात.

हा राउटर काय करतो? इंटरनेट बाहेरून तारेने घरात येते. राउटर ते बिनतारी करून घरातल्या सगळ्या मोबाइलांना वाटून देतो. तुम्ही रानात आल्याला पाणी पाजता. विहिरीचे पाणी पाटाने येते. दारं धरणारा गडी ते वाफ्यावाफ्याला देतो. इथे कंपनी म्हणजे विहीर. तार म्हणजे पाट. राउटर म्हणजे दारं धरणारा गडी.

आता विहीर बदलली म्हणून वाफे मोडावे लागतात का? नाही. पाटाचे तोंड तेवढे नव्या विहिरीला जोडायचे. कंपनी बदलताना असेच असते. पण हे आम्हालाही आधी ठाऊक नव्हते.

आमच्या घरी जुनी लाइन सारखी बंद पडे. म्हणून आम्ही नवी कंपनी घेतली. माणूस आला. त्याने तार ओढली. आमचा जुना राउटर जोडला. मोबाइलवर वायफायचे नाव दिसले, पण काहीच उघडेना. तो म्हणाला, “खोकं खराब झालंय. नवं घ्या.” आणि निघून गेला.

त्याच दिवशी आमच्या पुतणीच्या कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. रात्री बारापर्यंत मुदत. पोरगी रडकुंडीला आली. तेवढ्यात आमची आक्का पुढे झाली. आक्का पन्नाशीत अक्षरे शिकली. पुढे पुतणीकडून इंग्रजी अक्षरेही शिकली. ती म्हणाली, “खोकं काल चालत होतं. एका रात्रीत कसं बिघडेल? कंपनीला इचारा तरी!”

आम्ही फोन केला. तेव्हा उलगडा झाला. खोके चांगलेच होते. पण त्याच्या पोटात जुन्या कंपनीच्या खात्याचे नाव होते. नवी कंपनी ते कसे ओळखणार? त्यांनी नवे नाव आणि परवलीचा शब्द मोबाइलवर पाठवला. पुतणीने तो घातला. चालेना. आक्काने चश्मा लावला आणि एकेक अक्षर पाहिले. म्हणाली, “अगं, हे शून्य न्हाई. हा ओ हाय.” पुतणीने दुरुस्त केले. खोक्यावरचा दिवा हिरवा झाला. फॉर्म रात्री साडेनऊला गेला.

मंडळी, एका अक्षराची किंमत त्या रात्री आम्हाला कळली.

आता नीट ध्यानात ठेवा. राउटरच्या तीन किल्ल्या असतात. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, हीच किल्ली.

पहिली किल्ली कंपनीची. कंपनी बदलली की ही बदलते. माणूस तार जोडायला येईल तेव्हाच त्याला विचारा, “आमच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड काय?” आणि वहीत लिहून घ्या. काही कंपन्यांत ही किल्ली लागत नाही. लाइन आपोआप चालू होते. तरी विचारायला लाजू नका.

दुसरी किल्ली खोक्याची. राउटरच्या पाठीवर चिठ्ठी असते. तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असे आकडे असतात. काही खोक्यांवर दुसरा पत्ता असतो. तो खोक्याच्या आतल्या पानाचा पत्ता. मोबाइल त्याच वायफायला जोडायचा आणि हा पत्ता घालायचा, म्हणजे पान उघडते. कंपनीची किल्ली तिथेच घालतात. ते पान बहुधा इंग्रजीत असते. आकडे तुम्ही वाचा, बाकीचे पोरांकडून करून घ्या. पण शेजारी बसा आणि काय केले ते विचारा.

तिसरी किल्ली घराची, म्हणजे वायफायची. ही तुमची स्वतःची. जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला, तर घरातले मोबाइल सहसा आपोआप जोडले जातात. पण जुना पासवर्ड गल्लीभर झाला असेल, तर बदला.

आमच्याकडे तसेच झाले होते. मागे एका माणसाने एक ते आठ आकडे ओळीने घालून दिले होते. कोणालाही सुचेल अशी किल्ली! पान उघडून पाहिले तर चौदा मोबाइल जोडलेले. आमच्या घरात माणसेच पाच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशातली गत. तुमच्या लाइनवरून कोणी वाईट काम केले, तर चौकशी आधी तुमच्या दारी येते. म्हणून पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा. आपले नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख घालू नका. तो वहीत लिहा आणि वही पेटीत ठेवा. भिंतीवर लिहू नका.

आणखी चार गोष्टी सांगतो.

खोक्याला एक बारीक भोक असते. त्यात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबली की आतले सगळे पुसले जाते. म्हणून किल्ल्या वहीत उतरल्याशिवाय ते भोक दाबू नका.

कंपनीच्या खोक्यावर तांबडा दिवा लागला, तर बहुधा बाहेर तार तुटली आहे. अशा वेळी घरात खटपट करून उपयोग नाही. कंपनीला फोन करा. ती तार म्हणजे काचेचा केसासारखा धागा असतो. तिला घडी घालू नका. तुटलेल्या टोकात डोळा घालून पाहू नका. त्यातला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

राउटर घराच्या मध्यावर आणि उंच ठेवा. लोखंडी कपाटात ठेवू नका. जाड दगडी भिंतीपलीकडे त्याची ताकद कमी पडते. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.

नवी लाइन नीट चालल्याशिवाय जुनी तोडू नका. जुन्या कंपनीचे खोके परत देताना पावती घ्या. अनामत रक्कम भरली असेल तर ती मागा.

आणि एक सावधगिरी. “राउटर नीट करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा,” असा फोन आला तर सांगू नका. कंपनीचा नंबर आपल्या पावतीवर पाहून आपणच फोन करा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा.

मंडळी, १९५९ साली आपल्याच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठी माणसे कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. अंगठ्याच्या जागी सही आली. सही आली म्हणजे आपल्या कागदावर आपला हात आला. आज सातबारा मोबाइलवर दिसतो. पैसे मोबाइलवर येतात. ते सारे ज्या दाराने येते, त्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती का असावी?

आज घरी गेलात की एक काम करा. राउटर असेल तर चष्मा लावा आणि त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. एकेक अक्षर वाचा. नसेल तर शेजारच्या घरात वाचून द्या. जमले नाही तर ते अक्षर वहीत काढून उद्या वर्गात आणा. आपण मिळून वाचू.