आढ्याचे पाणी वळचणीला

आढ्याचे पाणी शेवटी वळचणीलाच यायचे, ही म्हण मराठी घरांत इतक्या वेळा उच्चारली जाते की, तिच्यातील घर आता कोणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने मात्र छप्पर नीट पाहिलेले असले पाहिजे. आढ्यावर पडलेले पाणी उतरत उतरत वळचणीला पोहोचते तोवर घर सुखरूप असते. वाटेत ते कोठे अडले की खाली जाण्याऐवजी आत उतरते. कौलारू छपराची निगा राखणे म्हणजे पाण्याची ही वाट मोकळी ठेवणे होय.

पूर्वी कोकणात गरिबांच्या घरांवर गवत किंवा झावळ्या असत, आणि ज्यांस ऐपत होती त्यांच्या घरांवर कुंभाराने चाकावर घडविलेली नळीची कौले असत. दोहोंचीही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उस्तवारी करावी लागे. पुढे १८६५ साली मंगळूर येथे बासल मिशनने जॉर्ज प्लेब्स्ट यांच्या देखरेखीखाली यंत्राने दाबून कौले काढण्याचा कारखाना सुरू केला, आणि एकमेकांत अडकून बसणारी ही चपटी कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. मंगलोरी कौल आले तेव्हा दरवर्षीची शाकारणी सुटली, असा लोकांचा समज झाला. तो अर्धाच खरा होता. दरवर्षी सारे छप्पर उतरण्याची गरज उरली नाही. पण दरवर्षी त्याच्याकडे पाहण्याची गरज कायम राहिली.

याचे कारण कौलाच्या घडणीतच आहे. मंगलोरी कौलाच्या एका कडेस खाच असते व दुसऱ्या कडेस ओठ असतो. एका कौलाचा ओठ शेजारच्या कौलाच्या खाचेवर बसतो. जोराच्या पावसात फटीतून थोडे पाणी शिरतेच. ते पाणी खाचेतून वाहत खालच्या कौलाच्या पाठीवर जाऊन पडते. अर्थात हे छप्पर पाण्याला मुळीच आत येऊ देत नाही असे नव्हे. आत आलेल्या पाण्याला ते पुन्हा बाहेर काढून देते. आता या खाचांत आंब्याचा मोहोर, पानांचा चुरा आणि धूळ साचून बसली की पाणी तुंबते, खाचेची कड ओलांडते आणि रिपेवर उतरते. एकही कौल फुटलेले नसताना घर गळते ते यामुळे. पुष्कळ गृहस्थ अशा वेळी नवी कौले आणवितात, खर्च करतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच भांडे मांडतात. त्या ठिकाणी गरज असते ती केवळ एका खराट्याची.

शेवाळाचे नुकसान याहून सावकाश होते. कौल ही भाजलेली माती आहे; ती थोडेफार पाणी पितेच. शेवाळाने कौल झाकले की ते वाळत नाही. एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात आणि एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. म्हणजे १०० चौरस मीटर पाख्यांवर पावणेचार हजार किलोंचे ओझे कोरडेच असते. कौलांनी आपल्या वजनाच्या १५ टक्के पाणी प्याले, तर त्यात साडेपाचशे किलोंची भर पडते. हे सर्व ओझे वाशांना व आढ्याला महिनोन् महिने पेलावे लागते. शिवाय ओले कौल रिपेलाही ओले ठेवते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्याला कुजविणारी बुरशी वाढत नाही. त्यावर गेला आणि तसाच राहिला, तर सागवानाचा किंवा फणसाचा वासाही कालांतराने भुसभुशीत होतो. मग तेथे वाळवी येते. कौल पुन्हा विकत मिळते. तीन पिढ्यांपूर्वी बसविलेले आढे मात्र पुन्हा मिळत नाही.

आजच्या काळात या घरांवर आणखी एक संकट आहे, आणि ते कौलाचे नव्हे, पंचांगाचे आहे. पुष्कळ कुटुंबे मुंबईस किंवा पुण्यास राहतात; गावचे घर कुलूपबंद असते. मंडळी वैशाखात आंबे खाण्यास येतात आणि पाऊस पडण्यापूर्वी परत जातात. पुन्हा येतात ती भाद्रपदात, गणपतीला. तोवर रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी पडणाऱ्या तीन हजारांहून अधिक मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पडून गेलेला असतो. दार उघडल्यावर कुबट वास येतो, भिंतीवर ओलीचा नकाशा उमटलेला दिसतो, आणि शेजाऱ्याने नीट लक्ष दिले नाही असा बोल लावला जातो. वास्तविक जे काम मालकाने वैशाखातील दोन दिवसांत करवून घ्यावयाचे, ते कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्याने आषाढात करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्या दोन दिवसांचा क्रम असा असावा. पहिली पाहणी घराच्या आतून करावी. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर उभे राहिले म्हणजे सरकलेल्या कौलांच्या फटींतून उजेड दिसतो. वाशांवरील काळे डाग शोधावे आणि डागाच्या वरच्या टोकापर्यंत नजर न्यावी. पाणी वाशाच्या उताराने धावत येऊन मग खाली टपकते. म्हणून जेथे थेंब पडतो त्याच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही, बहुधा ते आढ्याच्या बाजूला असते. रिपा व वासे अणकुचीदार खिळ्याने टोचून पाहावे. खिळा सहज आत गेला तर तो भाग आधी बदलावा आणि मगच माणसाला वर चढू द्यावे.

झाडलोट आढ्यापासून खाली करीत यावे. सुके शेवाळ लाकडी पट्टीने हलकेच सुटते, मग काथ्याच्या ब्रशाने खाचा मोकळ्या कराव्या. पाणी वापरावयाचे तर ते वरून खाली सोडावे. हल्ली जोराच्या फवाऱ्याची यंत्रे भाड्याने मिळतात. त्यांचा मोह टाळलेला बरा. तो फवारा कौलाची भाजलेली पाठ खरवडतो आणि पाणी ओठाखालून आत घुसवितो. आम्लाने कौल चकचकीत दिसते, पण त्याचे आयुष्य घटते. शिवाय ते पाणी विहिरीकडे किंवा परसातील अळवाकडे वाहत जाते. ओल्या कौलास रंग देणे हेही तसेच अनिष्ट, कारण आतील ओल आतच कोंडली जाते.

एखादे कौल बदलावयाचे असल्यास वरचे कौल जरा उचलून फुटके काढावे व नवे रिपेत अडकवावे. निरनिराळ्या कारखान्यांची कौले मापात किंचित भिन्न असतात आणि एकमेकांत बसत नाहीत. म्हणून मूळच्याच छापाची पंचवीस-तीस कौले परसात रचून ठेवणे शहाणपणाचे. आढ्यावरील कोन्यांच्या सांध्यांतील चुना सुटला असेल तर पुन्हा दर्जा भरावा. दोन पाखी जेथे आतल्या बाजूस मिळतात तेथील पत्र्याची पन्हळ सर्वांत जास्त पाणी वाहते आणि सर्वांत जास्त कचराही साठविते. ती हाताने साफ करावी. छपरावर ओणवलेल्या फांद्या छाटाव्या. त्यांनी सावली व पाने तर पडतातच, पण वानरांनाही उतरण्यास पूल मिळतो.

यात एका गोष्टीत काटकसर करू नये. जो गडी वर चढतो त्याच्या पायाखाली मातीचे पातळ कौल असते. त्याला आढ्यास अडकविलेली शिडी, कमरेला बांधलेला दोर आणि खाली उभा असा एक सोबती, इतके मिळालेच पाहिजे. पाय रिपेच्या वर, दोन कौले जेथे एकमेकांवर येतात तेथेच टेकावा. घराकडे येणाऱ्या विजेच्या तारेजवळ काम असेल तर आधी वीज बंद करवावी. ओल्या कौलावर कोणीही चढू नये, गळती कितीही असो. त्या दिवशी खाली घमेले ठेवावे आणि उघडीप पडण्याची वाट पाहावी. मोडलेले कौल दुसऱ्या दिवशी बदलता येते, मोडलेला कणा बदलता येत नाही.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी दुसरी एक म्हण आहे. कौलारू घरापुरता तिचा क्रम उलटा आहे. तेथे आधी एक खाच भरते, मग एक रीप कुजते, मग एक वासा वाकतो, आणि शेवटी घर फिरते. यांपैकी पहिल्या पायरीवरच हे सारे खराट्याने थांबविता येते. वैशाखात तेवढे करून जो घराला कुलूप लावतो, त्याने मृगाचा पाऊस शहरातल्या खिडकीतून निश्चिंत मनाने पाहावा. गावी आढ्याचे पाणी वळचणीला पोहोचत असते.