हिमालय ओलांडणारे पाहुणे

बंगळुरूच्या तलावांवर रानटी हंस येत नाहीत. पण त्यांच्याच कुळातला पट्टकादंब हिवाळ्यात कर्नाटकात उतरतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर त्यांचे मोठे थवे जमतात; २०२४ मध्ये या तलावाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. दिवसा पाण्यावर विसावा, रात्री शेतात चरणं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते लडाख, तिबेट, मंगोलियाकडे परततात. तिथे मादी जमिनीवरच्या घरट्यात चार-सहा अंडी महिनाभर उबवते, नर पहारा देतो. विरळ हवेतूनही प्राणवायू खेचून घेणारं रक्त त्यांना लाभलंय. सात हजार मीटर उंचीवरही त्यांची नोंद झाली आहे. मला मात्र खरं नवल वाटतं ते पिल्लांचं. जन्मानंतर काही महिन्यांतच ती आईबापांसोबत हिमालय ओलांडतात!