तोंड वाकडं, पण डोळा सांभाळा



सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं, आरशात पाहावं तर तोंड एकीकडे ओढलेलं. मग घरात कल्ला. वारं लागलं, रात्री एसटीत खिडकीशी बसला होतास ना, चोळा तेल! सगळ्यांची नजर तोंडावर. मी आज बोलणार आहे डोळ्याबद्दल.

या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याची सातवी नस सुजते, कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात चेपते आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. आता दुकानाचं शटर आठवा. पापणीचं शटर वर उचलते ती तिसरी नस. ती ठणठणीत असते. खाली ओढणारी सातवी, ती संपावर. म्हणजे शटर उघडतं, पण लागत नाही. मालक झोपला तरी दुकान अर्धं उघडंच! रात्रभर पंख्याचा वारा, धूळ. बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते, फूल पडतं. तोंड बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत सरळ होतं हो. फूल पडलं की नजर अधू होते.

म्हणून शटर आपण हाताने लावायचं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, वरचेवर. बाहेर पडताना गॉगल. रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम घालून पापणी बोटाने खाली ओढायची आणि कागदी चिकटपट्टी लावायची. नुसता कापूस ठेवून पट्टी बांधू नका. आत पापणी उघडी राहिली, तर तोच कापूस बुबुळावर घासतो. पुन्हा सांगतो, आधी पापणी मिटवा, मग पट्टी.

आता नसेच्या औषधाबद्दल. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तर. ते तास तेल चोळण्यात घालवता, याचा मला राग येतो. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गोळ्यांनी साखर वाढते. आणि लुळ्या बाजूच्या कपाळाला आठी पडत असेल, हात लुळा वाटत असेल, बोलणं अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तडक मोठं रुग्णालय गाठा. 

तुमच्या घरात असा कुणी असेल, तर आज रात्री तो झोपला की दिवा लावून पाहा, डोळा पुरता मिटलाय का. फट दिसली, तर सकाळीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.